नेटी स्टीव्हन्स : सागरकिनाऱ्यावरून गुणसूत्रांकडे

जन्माला येणारा जीव नर होणार की मादी, हे कोण ठरवते आणि केव्हा ठरवते? हा प्रश्न माणसाला फार प्राचीन काळापासून पडत आला आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने गर्भधारणेच्या वेळच्या उष्णतेत त्याचे उत्तर शोधले. त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील अनेक नामवंत जीवशास्त्रज्ञ जवळपास त्याच वाटेने चालले होते. मातेला मिळणारा आहार आणि भोवतालचे हवामान यांवर गर्भाचे लिंग अवलंबून असते, असे मानले जात होते. या तर्कांना १९०५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या पुराव्याने उत्तर मिळाले. ते उत्तर देणाऱ्या नेटी मारिया स्टीव्हन्स या एका सुताराच्या कन्या होत्या. पदवीच्या शिक्षणासाठी विद्यापीठात पाऊल ठेवले तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते आणि पन्नासाव्या वर्षी त्या हे जग सोडून गेल्या. त्यांच्या संशोधनाचा सारा काळ जेमतेम बारा वर्षांचा भरतो.

स्टीव्हन्स यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याशी जोडले गेले आहे. परंतु त्यांच्या विचारांची घडण झाली ती समुद्रकाठच्या प्रयोगशाळांत, सागरी अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या सहवासात. त्यांच्या शोधाच्या मर्यादा पुढे दाखवून दिल्या, त्याही समुद्रातल्याच जीवांनी. म्हणूनच त्यांचे चरित्र केवळ एका कीटकाची कथा उरत नाही.

सुताराची मुलगी

७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश या लहानशा गावी नेटी यांचा जन्म झाला. त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले होते. त्यांचे वडील एफ्रेम स्टीव्हन्स सुतारकाम करीत. आई ज्युलिया नेटीच्या बालपणीच वारली. वडिलांनी दुसरा विवाह केला आणि कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टफर्ड येथे स्थायिक झाले. वडील आपल्या धंद्यात स्थिरावले होते आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतला नाही. नेटी आणि त्यांची धाकटी बहीण एमा या दोघीही अभ्यासात हुशार निघाल्या.

१८८० मध्ये वेस्टफर्ड अकादमीतील शिक्षण पूर्ण झाले. त्या काळी शिकलेल्या मुलीपुढे उदरनिर्वाहाचे मार्ग मोजकेच असत. शिक्षिका होणे हा त्यांतला सर्वात प्रतिष्ठेचा. नेटी यांनीही तोच पत्करला. न्यू हॅम्पशायर राज्यातील लेबनन येथे काही काळ शिकवल्यानंतर त्यांनी वेस्टफील्ड येथील अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतला. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत, १८८३ मध्ये संपवला आणि वर्गात सर्वाधिक गुण मिळवले. त्यानंतरची तेरा वर्षे शाळेत शिकवण्यात आणि ग्रंथपालाचे काम करण्यात गेली. या वर्षांत पगारातून पैसा साठत होता. तो कशासाठी साठवला जात होता, हे १८९६ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी त्यांनी पूर्वेकडील घर सोडले आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, अवघ्या पाच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातले. बहुतेक जण ज्या वयात संसारात आणि नोकरीत स्थिरावतात, त्या वयात त्या पदवीच्या वर्गात जाऊन बसल्या.

किनाऱ्यावरची शाळा

स्टॅनफर्डमधून त्यांनी १८९९ मध्ये पदवी आणि १९०० मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. या काळातील उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यांनी पॅसिफिक ग्रोव्ह येथील हॉपकिन्स सागरी प्रयोगशाळेत घालवल्या. प्रशांत महासागराच्या कडेला, खडकाळ किनाऱ्यावर ही प्रयोगशाळा उभी होती. ओहोटीच्या वेळी खडकांमधील डबक्यांतून प्राणी गोळा करायचे आणि ते ताजे असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, अशी तेथील शिस्त होती. स्टीव्हन्स यांनी सागरी काकडी या प्राण्याच्या श्वसननलिकांत राहणारे एकपेशीय जीव अभ्यासासाठी निवडले. त्यांतील एका नव्या जातीला त्यांनी आपले प्राध्यापक मॅकफार्लंड यांचे नाव दिले. डोळ्यांना न दिसणाऱ्या या जीवांच्या पेशीकेंद्रात विभाजनाच्या वेळी काय घडते, याची बारकाईने काढलेली चित्रे त्या प्रबंधात होती. पुढे ज्या कामाने त्यांना कीर्ती मिळवून दिली, त्याची बैठक येथेच तयार झाली.

त्या काळातील जीवशास्त्रज्ञ समुद्राकडे का धाव घेत, हे समजून घेणे आवश्यक आहे. सस्तन प्राण्यांमध्ये गर्भधारणा शरीराच्या आत, दृष्टीआड होते. सागरी अर्चिन किंवा तारामासा यांच्या बाबतीत मादी अंडी पाण्यात सोडते, नर शुक्राणू पाण्यात सोडतो आणि फलन उघड्यावर होते. काचेच्या एका बशीत हजारो अंडी घेऊन हा सोहळा पाहता येतो. अर्चिनच्या अनेक जातींची अंडी पारदर्शक असल्याने आतील हालचाल थेट दिसते. जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यातच शुक्राणूचे केंद्रक आणि अंड्याचे केंद्रक एकरूप होताना पाहिले होते. आई आणि वडील या दोघांचा वारसा पेशीकेंद्रातून येतो, ही जाणीव अशा रीतीने समुद्राच्या पाण्यातून वर आली.

१९०० मध्ये स्टीव्हन्स पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे जीवशास्त्राची गादी थॉमस हंट मॉर्गन यांच्याकडे होती. मॉर्गन यांच्यापूर्वी ती एडमंड बीचर विल्सन यांनी सांभाळली होती. आनुवंशिकीच्या इतिहासातील ही दोन मोठी नावे. स्टीव्हन्स यांच्या कार्याशी या दोघांचा संबंध पुढे फार जवळून यायचा होता. मॉर्गन त्या सुमारास फळमाशीकडे वळलेले नव्हते. तुटलेला अवयव पुन्हा कसा वाढतो आणि अंड्यातून प्राणी कसा घडतो, हे प्रश्न ते प्रामुख्याने सागरी जीवांवर अभ्यासत होते. स्टीव्हन्स यांनीही त्या विषयात काम सुरू केले.

महाविद्यालयाने दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९०१-०२ मध्ये त्या युरोपला गेल्या. इटलीतील नेपल्स येथे आंतोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने १८७२ मध्ये स्थापन केलेले प्राणिशास्त्रीय केंद्र त्या काळी जगभरच्या जीवशास्त्रज्ञांचे तीर्थक्षेत्र बनले होते. निरनिराळ्या देशांची सरकारे आणि विद्यापीठे वार्षिक भाडे भरून तेथे आपल्या संशोधकांसाठी टेबल राखून ठेवीत. कोळी रोज सकाळी नेपल्सच्या उपसागरातून ताजे प्राणी आणून देत. अमेरिकेतील स्त्रियांच्या एका मंडळाने स्त्री-संशोधकांना तेथे जाता यावे म्हणून स्वतंत्र टेबल राखले होते. विद्यापीठांच्या प्राध्यापकपदांवर स्त्रिया अपवादानेच दिसत, अशा काळातील ही गोष्ट आहे.

याच दौऱ्यात जर्मनीतील वुर्त्झबर्ग येथे स्टीव्हन्स यांना थिओडोर बोव्हेरी यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाली. बोव्हेरी त्या वेळी सागरी अर्चिनवरील आपल्या अत्यंत गाजलेल्या प्रयोगांत मग्न होते. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले, तर गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला वेगवेगळी गुणसूत्रे येतात. अशा अंड्यांतून वाढणाऱ्या डिंभांत निरनिराळे दोष दिसतात. त्यावरून बोव्हेरी यांनी १९०२ मध्ये निष्कर्ष काढला की, सर्व गुणसूत्रे सारखी नसतात. प्रत्येकाचे कार्य वेगळे असते. गुणसूत्रे वेगवेगळ्या कामांची असतील, तर त्यांपैकी एखादे नर-मादी हा भेद ठरवणारे असू शकेल काय, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहत होता. त्याच वर्षी सागरी अर्चिनच्या अंड्यांवरील प्रयोगांविषयी स्टीव्हन्स यांचाही निबंध प्रसिद्ध झाला.

१९०३ मध्ये त्यांना ब्रिन मॉरची डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला त्यांचा आणखी एक निबंध सॅजिटा या सागरी बाणकृमीविषयी होता. काचेसारखे पारदर्शक शरीर असलेला हा चिमुकला शिकारी प्राणी उभयलिंगी आहे. त्याच्या धडात अंडाशय असतात आणि शेपटीच्या भागात वृषण. एकाच शरीरात अंडी आणि शुक्राणू कसे तयार होतात, याचा मागोवा स्टीव्हन्स यांनी त्यात घेतला होता. एकाच गुणसूत्रसंचातून नर आणि मादी अशी दोन्ही इंद्रिये निर्माण होऊ शकतात, याचे हे जिवंत उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. लिंगनिश्चितीच्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वीच त्यांना त्यातील गुंतागुंत ठाऊक झाली होती.

पिठातील किड्याची साक्ष

डॉक्टरेट मिळाली, तरी पोटापाण्याची चिंता सुटली नव्हती. शिकवण्याची नोकरी धरली की संशोधनाला वेळ उरत नाही, आणि केवळ संशोधनावर जगण्याइतका पैसा नाही, अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेकडे त्यांनी साहाय्यासाठी अर्ज केला. मॉर्गन आणि विल्सन या दोघांनीही त्यांची शिफारस केली. १९०४ मध्ये हे साहाय्य मंजूर झाले आणि नर-मादी भेद व गुणसूत्रे यांच्या संबंधाचा शोध घेण्यास त्या मोकळ्या झाल्या.

या प्रश्नाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी होती. जर्मनीतील हर्मन हेंकिंग यांना १८९१ मध्ये एका कीटकाच्या निम्म्याच शुक्राणूंत एक अनोळखी घटक दिसला होता. ते नेमके काय आहे हे न कळल्याने त्यांनी त्याला एक्स हे अक्षर दिले. पुढे अमेरिकेतील क्लॅरेन्स मॅक्लंग यांनी हा घटक म्हणजे लिंग ठरवणारे गुणसूत्र असावे, अशी कल्पना मांडली. तथापि, ज्या शुक्राणूत ते असेल त्यापासून नर जन्मतो, असे त्यांनी म्हटले आणि तेथे त्यांची दिशा चुकली. १९०० मध्ये मेंडेल यांच्या आनुवंशिकतेच्या नियमांचा पुनःशोध लागला होता. सर्व धागे हाताशी होते. गाठ मात्र बसत नव्हती.

स्टीव्हन्स यांनी पाच कीटक निवडले: वाळवी, वाळूत राहणारा एक पंखहीन नाकतोडा, झुरळ, मावा आणि पिठात होणारा टेनेब्रिओ मोलिटर नावाचा भुंगेरा. कोठारातील पीठ आणि धान्य यांत या भुंगेऱ्याच्या पिवळसर अळ्या सापडतात. काम विलक्षण चिकाटीचे होते. इंद्रियांचे बारीक तुकडे रसायनात टिकवायचे, मेणात बसवायचे, त्यांचे अतिशय पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि मग नेमक्या विभाजनाच्या क्षणी सापडलेली पेशी शोधून तिच्यातील गुणसूत्रे मोजायची. एकेका गुणसूत्राचा आकार चित्रात उतरवायचा. कापाची जाडी थोडी चुकली की मोजणी चुकते. शेकडो पेशी पाहिल्यावर कुठे एखादी मनासारखी हाती लागते.

टेनेब्रिओच्या मादीच्या पेशींत त्यांना वीस मोठी गुणसूत्रे दिसली. नराच्या पेशींतही वीसच होती, परंतु त्यांपैकी एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान होते. अंडी तयार होताना जोड्या सुटतात आणि प्रत्येक अंड्यात दहा मोठी गुणसूत्रे येतात. शुक्राणू मात्र दोन प्रकारचे बनतात. निम्म्या शुक्राणूंत दहा मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत नऊ मोठी आणि एक लहान. पहिल्या प्रकारच्या शुक्राणूने अंडे फलित झाले, तर वीस मोठी गुणसूत्रे असलेली मादी जन्मते. दुसऱ्या प्रकारच्या शुक्राणूने झाले, तर लहान गुणसूत्र असलेला नर जन्मतो. हा हिशेब जितका साधा होता, तितकाच मर्मभेदी. केवळ नराकडे पाहून तो पुरा झाला नसता. नर आणि मादी या दोघांच्याही शरीरपेशी तपासून पाहिल्यामुळे स्टीव्हन्स यांच्या म्हणण्याला बळकटी आली. लिंग आहारावर किंवा हवामानावर नव्हे, तर फलनाच्या क्षणी, शुक्राणूने आणलेल्या गुणसूत्रानुसार ठरते, असे दाखवणारा हा सुस्पष्ट पुरावा होता.

१९०५ च्या सप्टेंबरमध्ये कार्नेगी संस्थेने हा निबंध प्रसिद्ध केला. त्यात विजयोत्सवाचा सूर कोठेही नाही. इतर चार कीटकांत असे चित्र दिसले नाही, हेही त्यांनी नोंदवले आणि सर्व प्राण्यांना एकच नियम लावण्याची घाई केली नाही. त्याच वर्षी माव्यावरील त्यांच्या अभ्यासाला नेपल्सचे टेबल राखणाऱ्या स्त्रियांच्या मंडळाने एलेन रिचर्ड्स पारितोषिक दिले. त्याची रक्कम एक हजार डॉलर होती.

श्रेयाचा प्रश्न

विल्सन यांनीही १९०५ मध्येच, ढेकणाच्या जातकुळीतील कीटकांवर स्वतंत्रपणे काम करून असाच निष्कर्ष जाहीर केला. त्यांनी पाहिलेल्या काही जातींत नरामध्ये एक गुणसूत्र कमीच असते. विल्सन यांनी स्टीव्हन्स यांच्या कामाची दखल घेतली होती आणि दोघांत कटुता नव्हती. परंतु विल्सन हे कोलंबिया विद्यापीठातील ख्यातनाम प्राध्यापक होते, तर स्टीव्हन्स यांची पदवी मिळून दोनच वर्षे झाली होती. सुरुवातीला विल्सन यांनी बाह्य परिस्थितीच्या प्रभावालाही काही जागा ठेवली होती. गुणसूत्रांची भूमिका स्टीव्हन्स यांनी अधिक ठामपणे मांडली, असे मत इतिहासकार स्टीफन ब्रश यांनी १९७८ मध्ये सविस्तर मांडले. तोपर्यंतच्या सात दशकांत बहुतेक पाठ्यपुस्तकांनी हा शोध विल्सन यांच्या, तर काहींनी मॉर्गन यांच्या नावावर टाकला होता.

मॉर्गन यांची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. आपल्या विद्यार्थिनीचा पुरावा समोर असूनही त्यांना काही वर्षे तो पटला नव्हता. १९१० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या डोळ्यांचा नर फळमाशी सापडला आणि त्या गुणाचा वारसा लिंगाच्या गुणसूत्राबरोबर चालतो हे दिसले, तेव्हा कोठे त्यांचा विरोध मावळला. त्याच फळमाशीची गुणसूत्रे स्टीव्हन्स यांनी १९०८ मध्ये माश्यांवरील आपल्या निबंधात वर्णन करून ठेवली होती. मॉर्गन यांना १९३३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत स्टीव्हन्स यांच्या मृत्यूला एकवीस वर्षे उलटली होती.

स्टीव्हन्स यांनी १९०५ नंतर काम थांबवले नाही. भुंगेऱ्यांच्या सुमारे पन्नास जाती आणि माश्यांच्या नऊ जाती त्यांनी तपासल्या. जेथे जेथे नराचे असमान गुणसूत्र सापडले, तेथे त्याची काळजीपूर्वक नोंद केली. १९०८-०९ मध्ये त्या पुन्हा नेपल्स आणि वुर्त्झबर्गला जाऊन आल्या. सुमारे चाळीस निबंध त्यांनी प्रसिद्ध केले. महाविद्यालयातील त्यांचे पद मात्र कनिष्ठच राहिले. अखेर ब्रिन मॉरच्या विश्वस्तांनी त्यांच्यासाठी खास संशोधन-प्राध्यापकाचे पद निर्माण केले. परंतु ते स्वीकारण्याआधीच स्तनाच्या कर्करोगाने त्यांना गाठले. ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वेस्टफर्ड येथे त्यांचे दफन करण्यात आले. मॉर्गन यांनी लिहिलेल्या मृत्युलेखात त्यांच्या निष्ठेचा आणि निरीक्षणशक्तीचा गौरव होता. मात्र त्यात विचारवंतापेक्षा कष्टाळू निरीक्षक म्हणूनच त्यांचे चित्र उमटले, अशी खंत पुढील काळातील काही अभ्यासकांनी व्यक्त केली आहे.

या शोधाला एक सामाजिक बाजूही आहे. मानवातही स्त्रीची दोन्ही लिंगगुणसूत्रे एक्स असतात आणि पुरुषाचे एक एक्स, तर दुसरे वाय असते, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे अपत्य मुलगा की मुलगी, हे पित्याच्या शुक्राणूवरून ठरते आणि ते कोणाच्याही इच्छेच्या अधीन नसते. असे असूनही मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावण्याची रीत आपल्या समाजातून गेलेली नाही. गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राला १९८८ मध्ये करावा लागला, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

समुद्राने ठेवलेले अपवाद

टेनेब्रिओने दिलेले उत्तर सर्व सजीवांना लागू पडते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी संशोधक पुन्हा समुद्राकडे वळले. बोव्हेरी यांचे शिष्य फ्रिट्झ बाल्टझर यांनी १९०९ मध्ये सागरी अर्चिनमध्ये लिंगगुणसूत्र सापडल्याचे सांगितले. पुढील तपासानंतर तो निष्कर्ष त्यांनाच बदलावा लागला. ज्या प्राण्याने फलनाचे रहस्य उघड केले, त्याने लिंगाचे रहस्य इतक्या सहजी दिले नाही.

त्याच बाल्टझर यांनी १९१४ मध्ये बोनेलिया या सागरी कृमीवरील संशोधन जाहीर केले आणि शास्त्रज्ञ थक्क झाले. बोनेलियाची मादी हिरव्या रंगाची, सुमारे दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीची असून तिची सोंड एक मीटरपर्यंत पसरू शकते. नर मात्र अवघा एक ते तीन मिलिमीटरचा, आणि तो मादीच्या शरीरातच आयुष्य काढतो. पाण्यात तरंगणारा डिंभ मोकळ्या समुद्रतळावर उतरला, तर बहुधा त्याची मादी होते. तोच मादीच्या सोंडेला जाऊन चिकटला, तर तिच्यातील रसायनाच्या प्रभावाने त्याचा नर बनतो. येथे निर्णय प्रामुख्याने गुणसूत्रांचा नसून परिस्थितीचा आहे. स्टीव्हन्स यांनी ज्या मताचे किड्याच्या बाबतीत खंडन केले, ते या कृमीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे ठरले.

अशी उदाहरणे पुढे वाढतच गेली. अनेक जातींची कालवे आधी नर म्हणून वयात येतात आणि नंतर मादी होतात. काही जातींत हा बदल पुन्हा पुन्हा घडतो. अटलांटिकच्या किनाऱ्यावरील क्रेपिड्युला या गोगलगायी एकमेकींच्या पाठीवर बसून उतरंड रचतात. तळाशी मादी, वरच्या टोकाला नर. तळची मादी मेली की वरच्या नरांपैकी एखादा मादी बनतो. गुणसूत्रे तीच, शरीरही तेच. पण जनुकांपैकी कोणती जागी राहायची आणि कोणती झोपायची, हे वयानुसार आणि शेजाऱ्यांनुसार बदलते. एकाच शरीरात दोन्ही इंद्रिये बाळगणारा स्टीव्हन्स यांचा बाणकृमी याच कुळातला प्रश्न विचारत होता.

गेल्या काही दशकांत या कोड्याचा जनुकीय उलगडा होऊ लागला आहे. मानवातील वाय गुणसूत्रावरील नरत्वाची कळ दाबणारे जनुक १९९० मध्ये सापडले. फळमाशीत मात्र वाय नव्हे, तर एक्स गुणसूत्रे किती आहेत यावर लिंग ठरते. म्हणजे कळ प्रत्येकाची निराळी. परंतु १९९८ मध्ये असे आढळले की, फळमाशी, एक सूक्ष्म गोलकृमी आणि माणूस या तिघांतही नरविकासाशी संबंधित असे एकाच घराण्यातील जनुक काम करते. डीएमआरटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घराण्यातील जनुके पुढे कालवांसारख्या सागरी प्राण्यांतही मिळाली. दिवा लावणारे बटण घरोघरी वेगळे असले, तरी भिंतीतील तारा पुष्कळशा सारख्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे.

समुद्र अजूनही नवी उत्तरे देतो आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील एका ऑक्टोपसच्या जातीत नराकडे झेड नावाच्या गुणसूत्राच्या दोन प्रती, तर मादीकडे एकच प्रत असते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. हे गुणसूत्र स्क्विडमध्येही आढळत असल्याने ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच अस्तित्वात आले असावे. म्हणजे येथे टेनेब्रिओच्या नेमके उलट घडते: असमानता नराकडे नसून मादीकडे आहे आणि लिंग ठरते ते अंड्यावरून. ऑक्टोपसचे लिंग कशावरून ठरते, हे इतकी वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या किनाऱ्यावर स्टीव्हन्स यांनी आपले पहिले संशोधन केले, त्याच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हा ऑक्टोपस राहतो.

उशिरा आलेली ओळख

१९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला गौरव दालनात नेटी स्टीव्हन्स यांचा समावेश झाला. ज्या वेस्टफील्ड येथील विद्यालयात त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले होते, त्याचे पुढे विद्यापीठ झाले. २०१७ मध्ये त्या विद्यापीठाने आपल्या नव्या विज्ञान भवनाला त्यांचे नाव दिले. ज्या सन्मानांवर त्यांचा हक्क होता, ते मिळायला शंभर वर्षे लागली.

त्यांच्या कार्याचे मोल केवळ एका शोधापुरते नाही. पाच कीटक पाहिले, त्यांतील एकात स्पष्ट पुरावा मिळाला, म्हणून त्यांनी तो सर्वांवर लादला नाही. त्या पुढचा प्राणी तपासत राहिल्या. बोनेलिया, कालव आणि ऑक्टोपस यांनी त्यानंतरच्या काळात जे दाखवून दिले, ते पाहता ही सावधगिरी किती योग्य होती हे कळते. पन्नास भुंगेरे आणि नऊ माश्या यांच्या पेशींची मोजणी करणाऱ्या या विदुषीला आणखी काही वर्षे लाभली असती, तर नेपल्सच्या उपसागरातील प्राण्यांकडे ती पुन्हा वळली असती काय, हे सांगता येणार नाही. तिने सोडलेली मोजणी मात्र जगभरच्या सागरी प्रयोगशाळांत आजही चालू आहे.